तांड्याने खाल्लेला गूळ

कुरुंदा तांडा
१४ मे २०२५

प्रेमदास भिया,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिला नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. माझी दोन वाक्यं झाली की तुझं ‘अगं ऐक ना दिपा’ सुरू होतं आणि पुढचं सगळं तुझंच. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. चाकणच्या खोलीचा पत्ता अजून तोच आहे असं धरून चालले आहे. नसला तर घरमालकाने वाचावं, त्यालाही कळू दे कोण राहत होतं ते.

आज दुपारी वसमतहून येताना फाट्यावर एसटीतून उतरले, तर समोर मीच. एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं लिंबाला बांधलेलं आणि मधे मी, बैलगाडीएवढी रुंद. मामाच्या पोरीच्या लग्नातला फोटो. कानात उसनी झुंबरं, तोंड अर्धं उघडं, कारण त्या क्षणी मी वरातीतल्या कुणावर तरी ओरडत होते. ‘आमची भगिनी कु. दिपा वसराम राठोड हिची एमबीएसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन!’ हार्दिक दोनदा. खाली ‘शुभेच्छुक : प्रेमदासभाऊ राठोड मित्रमंडळ’ आणि गॉगल लावून, हात जोडून तू. माझ्यापेक्षा मोठा.

मित्रमंडळ! भिया, तुझ्या मंडळात आहे कोण? तू आणि तुझा गॉगल?

संस्थेचा मेल आला तेव्हा मी त्याचा फोटो जगात फक्त तुला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, कुणाला सांगू नकोस. मेलमध्ये काय होतं ते तुला वाचता येतं, तेवढी इंग्रजी बापूंनी तुला पैसे घालून शिकवली आहे. प्रतीक्षा यादी. म्हणजे पुढच्यांपैकी कुणी जागा सोडली तर मला, नाही सोडली तर नाही. जुलैपर्यंत वाट बघायची. यात ‘निवड’ कुठे दिसली तुला? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, यातला भट तरी स्वतःच्या घरात भांडत होता. तू फाट्यावर दवंडी पिटलीस.

आता पुढचं ऐक. मी फाट्यावरून चालत तांड्यात पोचेपर्यंत याडीला कळलं होतं. तिला वाचता येत नाही, पण पोटच्या पोरीचा फोटो ओळखता येतो, आणि बाकीचं, मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणलेल्या फाट्यावरच्या जीपवाल्याने वाचून दाखवलं. पेढे आणायला कुरुंद्याला कोण जाणार, म्हणून तिने घरातली गुळाची ढेप फोडली. पेढे वाटले असते तर लोकांनी तोंड गोड केलं असतं आणि विषय संपला असता. पण तिने गूळ घेतला, आणि पहिला खडा नेऊन ठेवला तांड्याच्या प्रमुखाच्या, धरमसिंग नायकांच्या हातावर! आपल्याकडे नायकाच्या हातावर गूळ कधी ठेवतात ते तुला माहीत आहे. सोयरीक ठरली की. नायकाने गूळ तोंडात टाकला की शब्द पक्का, मग पोरीकडच्यांना मागे फिरता येत नाही आणि पोराकडच्यांनाही नाही. याडीला आनंदात एवढंच सुचलं की मोठी गोष्ट झाली म्हणजे गूळ. आणि नायकांनी तो खाल्ला. त्यांच्यामागे सगळ्या तांड्याने खाल्ला.

मी तिला अंगणातच अडवलं होतं.

“याडी, निवड न्हाई झाली अजून. वेटिंग हाय.”

“व्हय की. रेल्वेत बी वेटिंगच असतंय आधी. नांदेड येईस्तोवर होतंय बराबर.”

मी तिच्या मागे दोन घरं गेले, प्रत्येक दारात ‘वेटिंग हाय’ म्हणाले, आणि प्रत्येक दारात बायांनी माझ्या तोंडात गूळ कोंबला.

बापू रानातून आले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. याडीला विचारलं, “कुणी लावलं ते फाट्यावर?” ती म्हणाली, “प्रेमदासनं.” या घरात बापूंसमोर तुझं नाव कुणी घेत नव्हतं. तू पहिल्याच वर्षी डिप्लोमाचं कॉलेज सोडलंस, घरी सांगितलं नाहीस, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बापू तांड्यात सांगत फिरले, पोरगा यंदा इंजिनिअर होऊन सुटतोय. खरं कळलं तेव्हा लोक त्यांना ‘इंजिनिअरचा बाप’ म्हणून हाक मारायचे. अजूनही कुरुंद्याच्या बाजारात एकदोघं मारतात. त्याच दिवसापासून ते म्हणतात, या घरातून आता कुणी बाहेर शिकायला जायचं नाही. मला परीक्षेला बसू दिलं ते केवढ्या मिनतवारीने. तेही ‘यंदाचं यंदा बघू, न्हाई झालं तर जिंतूरचे पाव्हणे बसलेच हायत’ या अटीवर.

म्हणजे तू जे खोटं स्वतःबद्दल सांगितलं होतंस, तेच आता माझ्या नावाने फाट्यावर टांगलंस.

काढ तो फ्लेक्स. ज्याला फोनवरून लावायला सांगितलंस, त्यालाच फोनवरून काढायला सांग.

दिपा


कुरुंदा तांडा
२३ मे

भिया,

फ्लेक्स अजून आहे. वाऱ्याने त्याचा एक कोपरा सुटला होता, तर कुणी भल्या माणसाने तो नवीन दोरीने बांधून दिला. तुझा कोपरा.

आज माझा निरोप समारंभ झाला. तुला वाटेल, कसला निरोप? मलाही तेच वाटलं.

आमच्या शेतकरी कंपनीच्या शिवशंकर सरांनी मला दोन हंगाम हळदीच्या खरेदीवर ठेवलं होतं, ते तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी काट्यावर नुसती वजनं लिहायचे. मग नमुने बघायला लागले. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, मोडल्याचा आवाज ऐकायचा, ओली हळद आवाज करत नाही. गेल्या हंगामात मी एक हट्ट केला. बायका रानात राबतात, हळद शिजवतात, वाळवतात, तर पावती नवऱ्याच्या नावाने का? आपल्या तांड्यातल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायकांची हळद पहिल्यांदा त्यांच्याच नावावर घेतली गेली. सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, जूनपासून कुरुंद्याचं खरेदी केंद्र तू सांभाळ.

आता माझा पुढचा विचार काय होता तो ऐक, कारण तो तू कधी विचारला नाहीस. संस्थेच्या मेलमध्ये लिहिलं होतं की प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराने मुलाखतीनंतर काही नवीन केलं असेल तर कळवावं. मी जूनमध्ये लिहिणार होते, मी आता केंद्रप्रमुख आहे. तेवढ्याने यादीत वर सरकण्याची आशा होती. नाहीच सरकले, तर वर्षभर केंद्र चालवायचं, नोव्हेंबरात परीक्षा पुन्हा द्यायची, हातात पद असलेलं बघून बापूही जिंतूरचं स्थळ वर्षभर लांबवतील. पहिला रस्ता बंद झाला तर दुसरा. दोन्ही रस्ते त्या एका केंद्रावरून जात होते.

आज सकाळी ऑफिसात गेले तर टेबलावर शाल आणि श्रीफळ. सगळे टाळ्या वाजवत होते. मी सरांना बाजूला घेतलं.

“सर, माझं अजून नक्की नाही.”

“अगं, नक्की न्हाई तर फ्लेक्स लागतो का कुठं?”

“तो माझ्या भावाने लावला. मला न विचारता.”

सरांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नाही. म्हणाले, “मी काय समजलो, तू आता जाणार. बुद्धभूषणला केंद्राचा शब्द देऊन बसलो. त्यानं नांदेडची नोकरी सोडली ना इथं येण्यासाठी. आता त्याला काय तोंडानं सांगू?”

बुद्धभूषण तिथेच उभा होता. त्याने मला हार घातला. त्याच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं, म्हणून तोही राग तुझ्याच खात्यावर.

एसटीत तो नारळ मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आल्या का? मी हो म्हणाले.

तुझी रीत कायमची हीच. पी हळद अन् हो गोरी. कष्ट नकोत, वाट बघणं नको, आज प्यायची आणि उद्या गोरं व्हायचं. मग तोंड पिवळं झालं की दुसऱ्याने धुवायचं.

दिपा


कुरुंदा तांडा
३ जून

भिया,

तुझे मेसेज मिळाले. मी पत्रं लिहायची आणि तू मोबाइलवर तीन ओळी टाकायच्या, चांगली वाटणी आहे. तू खोडले तरी मला पाठ झालेत, म्हणून इथे उतरवते. नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ नको.

पहिला : ‘येडे, तुझ्यासाठीच केलं. फ्लेक्स लागला की बापूला न्हाई म्हणता येत न्हाई. गावात तोंड दाखवायचं असतंय त्यांला.’

म्हणजे हे चुकून नाही झालं. तू मेल नीट वाचला होतास. तुला माहीत होतं की निवड झालेली नाही, आणि तरी तू बापूंना कोंडीत पकडायला माझा फोटो टांगलास. मी इतके दिवस समजत होते की माझा भाऊ उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. त्यात निदान प्रेम तरी होतं. हे तर कारस्थान निघालं, आणि तेही अर्धवट डोक्याचं. बापू नाही म्हणणार नाहीत हे बरोबर. पण संस्था नाही म्हणाली तर? तिला कुठल्या फाट्यावर तोंड दाखवायचंय?

दुसरा : ‘न्हाई लागला नंबर तर पुण्याला ये. माझ्या खोलीवर रहा, कायतरी कोर्स कर. तांड्याला काय कळून राहिलं कॉलेज कोणतं ते.’

हा मी यास्मीनला वाचून दाखवला. यास्मीन म्हणजे वसमतची, जिच्याबरोबर मी परीक्षेचा अभ्यास केला. हिशेबात ती माझ्यापुढे आहे, पण तिला मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही, आणि तरी ती माझ्यासाठी कागद-पेन घेऊन बसली होती. ती आधी हसली. मग म्हणाली, “तुझा भाई तुला त्याच्यासारखं बनवून राहिला.”

ते ऐकून माझ्या अंगाची आग आग झाली. खोटं बोलून तू खोलीत लपून बसलास, ते मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. याडीजवळही तुझी बाजू घेतली. म्हणायचे, घाबरला असेल, लहान होता. आणि तू मला त्याच खोलीत जागा करून देतोस? वर उपकार केल्यासारखा? मी दोन वर्षं काय हळकुंडं मोडत आणि गणितं सोडवत बसले, ते तुझ्या गादीशेजारी दुसरी गादी टाकायला?

यास्मीन आणि मी मिळून संस्थेला पत्र लिहिलं. ती म्हणत होती, फ्लेक्सचं पण लिही, जाहिरातीचा अनुभव आहे म्हणून. तेवढ्यावर आम्ही दोघी हसलो, नाहीतर मी रडले असते. पत्रात खरं ते लिहिलं. बायकांच्या नावावर घेतलेल्या हळदीचं लिहिलं. केंद्रप्रमुख होणार होते, ते लिहिलं नाही, कारण झाले नाही. मग पत्र फारच छोटं झालं. तसंच पाठवलं.

आणि तिसरा मेसेज : ‘बापू माझ्याबद्दल काय म्हणले?’

तो तू सगळ्यांत शेवटी टाकलास, पण तुला तेवढंच विचारायचं होतं. ते मी तुला सांगणार नाही.

दिपा


९ जून

घाईत लिहिते, पोस्टाची वेळ होत आली. येत्या रविवारी धरमसिंग नायकांच्या दारासमोर तांड्याने माझा सत्कार ठेवला आहे. ‘गूळ खाल्लाय तर शाल बी घालू’ म्हणाले. फेटा दोघांना बांधणार, मला आणि तुला. बापूंनी मला समोर बसवून सांगितलं, “त्याला ये म्हणावं.” मी म्हटलं तुम्हीच फोन करा, तर म्हणाले, “तूच लिही. तू लिहितीस ना त्याला.” म्हणजे त्यांना पत्रांचं ठाऊक आहे.

मागच्या वेळी सांगणार नाही म्हणाले होते, ते आता सांगते, कारण दडवून मला काही मिळणार नाही. फ्लेक्स बघितल्यावर बापू म्हणाले होते, “एक काम तरी बराबर केलं पोरानं.”

भिया, रविवारी मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. मग बापूंचं हे वाक्यही जाईल, ते मला कळतं. म्हणून तुला आठवडा देते आहे. त्याआधी तू स्वतः बापूंना फोन कर आणि सांग. एक फोन. तुझ्या तोंडून कळलं तर ते सोसतील. तांड्यासमोर माझ्या तोंडून कळलं तर पुन्हा तेच, इंजिनिअरचा बाप. एक फोन कर, बाकी मी बघून घेईन.


कुरुंदा तांडा
१६ जून

भिया,

फोन आला नाही.

बापू शनिवारी खिशात फोन घेऊन रानात गेले होते. ते कधी नेत नाहीत.

आणि तू आलास म्हणे. जीपवाला आज सकाळी सांगत होता. “काल प्रेमदास उतरला व्हता फाट्यावर. नवी बॅग. जरा उभं राहिला फ्लेक्सखाली, अन् समोरून गाडी आली तशी तिच्यात बसून वापस.” इथवर आलास! फाट्यापासून तांडा दिसतो, नायकांच्या दारातला मांडव दिसत होता. तू न येतास तर मी समजू शकले असते. येऊन परत गेलास, याला माझ्याकडे शब्द नाही. आहे, पण पत्र पोस्टात पडेपर्यंत याडी तो कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून लिहीत नाही.

काय झालं ते तुला कळायलाच हवं. 

मांडवात सगळा तांडा होता. बापू पांढरे कपडे घालून पुढे बसले होते आणि त्यांच्या शेजारी तुझी जागा रिकामी ठेवली होती, तिच्यावर तुझा फेटा. नायकांनी मला शाल घातली आणि म्हणाले, “बोल पोरी.” मी काय काय ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं.

“माझी निवड झालेली न्हाई. मी वेटिंगवर हाय. पुढच्या कुणी जागा सोडली तरच जाईन, न्हाई तर न्हाई. भियाला ते ठाऊक व्हतं.”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग जमनाबाई, त्यांना तर कुठे गप्प बसायचं कळत नाही, म्हणाल्या, “मंग आमी गूळ कशाचा खाल्ला?”

हसू फुटलं. हसण्यात मागून एक आवाज आला, “भावाच्या वळणावर गेली.” कोण ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही. मला वाटलं, झालं, आता बापू उठून घरी जातील. ते उठले. पण घरी गेले नाहीत. मागे वळून म्हणाले, “भावाच्या वळणावर काहून? त्यानं तीन वर्सं सांगितलं न्हाई. हिनं उभं राहून सांगितलं.” तुझी जागा त्यांच्या शेजारीच होती आणि ते तिच्याकडे बघत नव्हते.

नायकांनी हात वर केला. विचारलं, “गूळ कुणी वाटला?”

“म्यां,” याडी म्हणाली. पदर तोंडाशी धरला होता.

“कुणाच्या शब्दावर?”

“पोराच्या.”

“पोरगं कुठाय?”

याडीने रिकाम्या जागेवरच्या फेट्याकडे बघितलं. नायकांनी मिशी चाचपली. मग म्हणाले, “खाल्लेला गूळ तोंडातून वापस निघत न्हाई. सोयरिकीत गूळ खाल्ला, अन् पोराकडचे म्हणले दोन वर्सं थांबा, तर आपुन थांबतो का न्हाई?”

“थांबतो की,” दोघंतिघं म्हणाले.

“मंग हिचं बी तसंच. वसराम, आपुन गूळ खाऊन पोरगी शिक्षणाला दिली. यंदा जाऊ दे का पुढल्या वर्साला, ते तिचं ती बघंल. पर दिलेली पोरगी दुसरीकडं दाखवत न्हाईत. जिंतूरच्या पाव्हण्याला न्हाई म्हणून कळव.”

बापूंनी मान हलवली. मला वाटतं मी तेव्हा रडले. शाल तोंडावर होती, कुणाला दिसलं नसेल.

पण नायकांचं संपलं नव्हतं. “अन् ज्यानं खोटा शब्द दिला, त्यानं हितं येऊन, हितंच उभं राहून, सोताच्या तोंडानं सांगायचं. तवर त्याचा गूळ या तांड्यात कुणी खायचा न्हाई.”

जमनाबाईंना अर्थ लागायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजी लगीनच बंद की त्याचं!”

आता तू हस किंवा रड. तुझा फेटा याडीने घडी करून पेटीत ठेवला आहे.

दिपा


कुरुंदा तांडा
६ जुलै

भिया,

काल संस्थेचा मेल आला. यादी बंद झाली. माझा नंबर लागला नाही.

मी वाचला तेव्हा चूल पेटवत होते. लगेच उठून आधी बापूंना सांगितलं, मग नायकांना, मग ज्या ज्या दारात गूळ गेला होता त्या दारांत. जमनाबाई म्हणाल्या, “आगं, गाडी चुकली, ठेसन तर न्हाई ना चुकलं?” रेल्वेतून बाहेर यायला कुणी तयारच नाही. घरी आले, आणि मग मात्र फार वाईट वाटलं. मला जायचं होतं रे. तुला, बापूंना, तांड्याला दाखवायला नव्हे, मला हवं होतं म्हणून. वसतिगृहाची खोली कशी असेल इथपर्यंत माझा विचार गेला होता. हे कुणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगते.

आता पुढचं. नोव्हेंबरात परीक्षा पुन्हा. यास्मीनपण बसते आहे, या वेळी ती मला गणित शिकवेल आणि मी तिला मुलाखतीचं बोलणं. शिवशंकर सरांकडे गेले होते. केंद्र बुद्धभूषणकडेच राहील, ते मी मागितलंही नाही. पण मी म्हटलं, तांड्यातली हळद तांड्यातच निवडून, नमुना लावून, तयार करून देते, तुमच्या काट्यावर भांडण उरणार नाही. सर म्हणाले करून दाखव. बारा बायका तयार आहेत, जमनाबाई सगळ्यांत आधी. पुढच्या मुलाखतीत मला कुणी विचारलं की वर्षभर काय केलं, तर सांगायला हे असेल, आणि ते माझं असेल.

तू मनात म्हणत असशील, बघ, फ्लेक्स लावला म्हणूनच जिंतूरचं स्थळ गेलं, वर्ष मिळालं. तुझ्यापुरतं खरं असेल. पण फ्लेक्सने माझी नोकरी घेतली. वर्ष मला मिळालं ते मी शाल अंगावर असताना तोंड उघडलं म्हणून. त्याचं चिमूटभरही श्रेय तू घ्यायचं नाहीस.

आणि फ्लेक्स फाट्यावर नाही आता. शोधू नकोस. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी बापू स्वतः गेले, गाठी सोडल्या, खांद्यावर टाकून घेऊन आले. मला वाटलं जाळतील. गोठ्याचा पत्रा म्हशीच्या डोक्यावर गळतो, तिथे खालून बांधला. मी म्हटलं, बापू, छापलेली बाजू वर ठेवा ना, कोरी बाजू खाली बरी दिसेल. तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे असंच.”

त्यामुळे आता तू आणि मी आत, उलटे टांगलेले, मी अर्धं तोंड उघडून आणि तू हात जोडून. माझ्यावर म्हशीच्या शेपटीचं शेण उडालं आहे. तुझ्यावरही उडतं, पण ते कुणीतरी पुसतं. याडी म्हणते ती नाही पुसत. मी तर नाहीच नाही.

बापू दोन्ही वेळा दूध काढायला बसतात आणि मधेच हात थांबवून वर बघतात.

माझा राग गेलेला नाही आणि तू आल्यावर मी तुला काय काय बोलणार आहे ते सगळं तयार आहे. तरी ये. फाट्यावर उतरलास की या वेळी समोरून येणाऱ्या गाडीत बसू नकोस.

दिपा